पक्के बिल देणारे दुकान: हडपसरच्या एका कृषी सेवा केंद्राचा अनुभव

हडपसरहून सासवडकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका कृषी सेवा केंद्रातून गेल्या काही हंगामांपासून आमच्या घरच्या शेतीची बियाणे, खते आणि औषधे घेतली जातात. आमची जमीन पुरंदर तालुक्यात आहे. पावसाळ्यात वाटाणा आणि सोयाबीन, नंतर कांदा, असा साधारण क्रम असतो आणि या निविष्ठांची, म्हणजे शेतीला लागणाऱ्या मालाची, खरेदी पुण्यात राहणाऱ्या आमच्याकडे असते. या लेखात दुकानाची स्तुती आहे, तशी एक गंभीर तक्रारही आहे, म्हणून त्याचे नाव येथे घेतलेले नाही. ज्या कसोट्यांवर हे दुकान पारखले आहे, त्या पुण्यातल्या कोणत्याही निविष्ठा दुकानाला लावता येतात. माझे मत आधीच सांगतो: हे दुकान चांगले आहे, आणि त्याचे मुख्य कारण तेथे मिळणारा माल नसून तेथे मिळणारे बिल हे आहे. माल तर बहुतेक दुकानांत त्याच त्या कंपन्यांचा असतो.

दुकानात शिरताच गल्ल्याच्या मागील भिंतीवर परवाने लावलेले दिसतात. ते वाचता येतील अशा उंचीवर आहेत, कॅलेंडरखाली झाकलेले नाहीत. बियाणे, खते आणि कीटकनाशके या तीन गोष्टी आपण एकाच दुकानात, एकाच पिशवीत घेतो, पण कायद्याच्या दृष्टीने ते तीन वेगळे व्यवसाय आहेत. बियाण्याच्या विक्रीला बियाणे (नियंत्रण) आदेश, 1983 लागू होतो, खतांना अत्यावश्यक वस्तू अधिनियम, 1955 खाली काढलेला खत (नियंत्रण) आदेश, 1985 लागू होतो आणि औषधांना कीटकनाशके अधिनियम, 1968 व त्याखालील 1971 चे नियम लागू होतात. त्यामुळे एखाद्या दुकानाकडे बियाण्याचा परवाना असेल आणि औषधांचा नसेल, असे होऊ शकते, आणि गिऱ्हाइकाला ते कळण्याचा एकमेव मार्ग म्हणजे ही भिंत. खतांच्या बाबतीत आणखी एक कागद असतो, ज्याला व्यवहारात ‘ओ फॉर्म’ म्हणतात. विक्रेत्याला कोणत्या कंपनीने आपला माल विकण्यासाठी दिला आहे, याचे ते उगम प्रमाणपत्र असते. या दुकानात ते मागितल्यावर फाईल काढून दाखवण्यात आले, आणि मागणाऱ्याकडे कोणी संशयाने पाहिले नाही.

परवान्यांच्या शेजारी साठा आणि दर यांचा फलक आहे. हा फलक लावणे बंधनकारक असले, तरी बऱ्याच ठिकाणी त्यावर मागच्या हंगामाचे आकडे तसेच राहिलेले असतात. येथे तो खडूने रोज लिहिला जातो. जून-जुलैमध्ये, जेव्हा ‘युरिया संपला’ हे वाक्य सर्वात जास्त ऐकू येते, तेव्हा फलकावर लिहिलेल्या गोण्या आणि मालकाच्या तोंडचे उत्तर यांत तफावत आहे का, हे शेतकऱ्याला जागच्या जागी पाहता येते. तसेच या दुकानात पशुखाद्य मिळत नाही. माणसांच्या किंवा जनावरांच्या खाण्याच्या वस्तू जेथे ठेवल्या किंवा विकल्या जातात, त्याच इमारतीत शेतीची कीटकनाशके ठेवण्यास व विकण्यास नियमांनी मनाई केली आहे. पेंडीची पोती आणि फवारणीची औषधे एकाच छपराखाली रचून ठेवणारी दुकाने आजही दिसतात, त्या पार्श्वभूमीवर या मालकांनी चालू शकला असता असा एक धंदा सोडून दिला आहे, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

आता बिलाविषयी. या दुकानात कच्ची चिठ्ठी मिळत नाही. उधारीवर माल नेणाऱ्यालाही पक्के बिल दिले जाते आणि त्यावर उधारीची नोंद होते. बिलावर खरेदीदाराचे नाव व गाव, मालाचे नाव, कंपनी, वजन, दर, बियाण्याचा लॉट क्रमांक, औषधाचा बॅच क्रमांक आणि मुदत संपण्याची तारीख, हे सर्व असते आणि खाली दोघांच्या सह्या असतात. गर्दीच्या दिवसांत यासाठी वेळ लागतो. रांगेतले लोक कुरकुर करतात. एकदा एका वयस्कर शेतकऱ्याने बिल नको, एस.टी. चुकेल, असे म्हटल्यावर गल्ल्यावरच्या मुलाने त्यांना सांगितले, “काका, पिशवी इथंच राहू द्या, पण बिल घेतल्याशिवाय नेऊ नका. उद्या उगवलं नाही तर तुमच्या हातात काय राहील?” हे उत्तर पाठ केलेले नव्हते. मालकांनी नोकरांना हा व्यवहार समजावून दिलेला आहे, हे त्यातून कळते.

लॉट क्रमांकाचे महत्त्व पेरणीच्या वेळी कोणाला जाणवत नाही. ते जाणवते पंधरा दिवसांनी, जेव्हा ओळीच्या ओळी रिकाम्या दिसतात. अशा वेळी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करायचा असतो. मग तालुकास्तरीय तक्रार निवारण समिती, जिच्यात कृषी विभागाच्या अधिकाऱ्यांबरोबर कृषी विद्यापीठाचा प्रतिनिधीही असतो, शेतावर येऊन पाहणी करते आणि पंचनामा होतो. समितीचा पहिला प्रश्न बिलाचा असतो आणि दुसरा पिशवीचा व तिच्यावरील टॅगचा. बिलावर केवळ ‘सोयाबीन बियाणे, 1 पिशवी’ एवढेच असेल, तर शेतात उगवलेले किंवा न उगवलेले बियाणे त्याच लॉटचे होते हे सिद्ध करता येत नाही, आणि कंपनीचा प्रतिनिधी पावसाकडे, खोल पेरणीकडे किंवा जमिनीतल्या ओलाव्याकडे बोट दाखवून मोकळा होतो. उलट लॉट क्रमांक नोंदलेला असेल, तर त्याच लॉटचे बियाणे इतर गावांत कसे उगवले याची चौकशी होऊ शकते.

हा कागद न्यायालयापर्यंत उपयोगी पडतो. शेतकरी हा ग्राहक आहे आणि सदोष बियाण्यासाठी तो ग्राहक मंचाकडे जाऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2012 मध्ये राष्ट्रीय बीज निगमाच्या प्रकरणात स्पष्ट केले. घेतलेले सर्व बियाणे शेतकरी पेरून टाकतो, म्हणून प्रयोगशाळेत देण्यासाठी त्याच्याजवळ नमुना उरलेला नसेल, तर केवळ त्या कारणाने त्याचा दावा नाकारता येत नाही, हा त्या निकालातील भाग माझ्या मते सर्वात मोलाचा आहे. तरीही मूठभर बियाणे, रिकामी पिशवी आणि टॅग पीक निघेपर्यंत जपून ठेवावे, असे हे दुकानदार प्रत्येकाला सांगतात, आणि ते योग्यच आहे.

बिलाचा लाभ विक्रेत्यालाही होतो, ही बाजू सहसा बोलली जात नाही. कीटकनाशके अधिनियमात अशी तरतूद आहे की, परवानाधारक उत्पादकाकडून किंवा विक्रेत्याकडून रीतसर घेतलेला माल ज्याने नीट साठवला आणि मिळाला त्याच स्थितीत विकला, आणि त्यातील दोष योग्य काळजी घेऊनही ज्याला कळण्यासारखा नव्हता, अशा विक्रेत्याला बचाव घेता येतो. हा बचाव घेण्यासाठी त्याच्याजवळ स्वतःच्या खरेदीचे आणि पुढच्या विक्रीचे जुळणारे कागद असावे लागतात. 2023 मध्ये राज्य सरकारने बनावट बियाणे, खते आणि कीटकनाशकांविरुद्ध कठोर तरतुदींची पाच विधेयके आणली, तेव्हा राज्यभरातील विक्रेत्यांनी नोव्हेंबरमध्ये दुकाने बंद ठेवली होती. सीलबंद पिशवीत काय आहे ते आम्ही उघडून पाहू शकत नाही, मग शिक्षा आम्हाला का, असा त्यांचा प्रश्न होता. तो प्रश्न मला रास्त वाटतो. मात्र तो विचारण्याचा अधिकार पक्के बिल देणाऱ्या दुकानदारालाच आहे. कच्च्या चिठ्ठीवर माल विकणारा दुकानदार स्वतःच साखळीतला दुवा तोडून टाकतो, आणि मग दोष कारखान्यात झाला की गोदामात, हे कोणालाच ठरवता येत नाही.

बियाण्याचा विभाग या दुकानात सर्वात चांगला सांभाळला आहे. पिशव्या भिंतीपासून दूर, लाकडी फळ्यांवर आहेत आणि खतांची खोली वेगळी आहे. प्रमाणित बियाण्याला निळा टॅग, पायाभूत बियाण्याला (ज्यापासून प्रमाणित बियाणे तयार करतात) पांढरा आणि सत्यप्रत बियाण्याला हिरवट लेबल असते. सत्यप्रत म्हणजे कंपनीने स्वतःच्या जबाबदारीवर लेबल लावलेले बियाणे, ज्याच्या शेताची बीज प्रमाणीकरण यंत्रणेने तपासणी केलेली नसते. ते वाईटच असते असे नाही, पण दोन्हींतला फरक विकत घेणाऱ्याला सांगितला गेला पाहिजे, आणि येथे तो सांगितला जातो. लेबलवर उगवण क्षमता छापलेली असते. कायद्याने ठरवलेली किमान उगवण क्षमता भातासाठी 80 टक्के, तर सोयाबीन आणि कांद्यासाठी 70 टक्के आहे. सोयाबीनचे टरफल नाजूक असते, पिशवी आपटली तरी उगवण घटते, म्हणून येथील हमाल सोयाबीनच्या पिशव्या टेम्पोतून फेकत नाहीत, हे मी मुद्दाम पाहिले आहे. पेरणीपूर्वी ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडून, गुंडाळी करून, उगवण तपासण्याची पद्धत मालक स्वतः समजावून सांगतात. स्वतःच विकलेल्या मालाची परीक्षा करायला सांगणारा दुकानदार विरळाच.

कांद्याच्या बियाण्याबाबत त्यांचा नियम आणखी कडक आहे. कांद्याचे बी वर्षभरात झपाट्याने जीव गमावते, त्यामुळे मागील हंगामातले बी ते शेल्फवर ठेवत नाहीत. गावोगावचे शेतकरी आपले घरचे कांदा बियाणे विकायला आणतात, ते सुटे बी हे दुकान घेत नाही. येथे कायद्याची रचना समजून घेण्याजोगी आहे. वनस्पतींच्या वाणांचे संरक्षण आणि शेतकऱ्यांचे हक्क अधिनियम, 2001 नुसार शेतकऱ्याला स्वतःचे बियाणे राखण्याचा, वापरण्याचा, देवघेव करण्याचा आणि विकण्याचाही हक्क आहे, फक्त ते ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. हा हक्क शेतकऱ्याचा आहे, परवानाधारक दुकानाचा नाही. दुकानाच्या फळीवर आलेले बी लेबलशिवाय विकले गेले, तर शेतकऱ्याच्या हक्काच्या आडून दुकानदार स्वतःची जबाबदारी टाळतो. घरचे बी शेतकऱ्याने शेतकऱ्याकडून, ओळखीवर घ्यावे, आणि दुकानातून घ्यायचे तर लेबल पाहूनच घ्यावे, हे या मालकांचे मत मला पटते.

औषधांच्या बाबतीत दुकानाची सेवा चांगली आहे, पण ती कोण गल्ल्यावर आहे यावर अवलंबून असते. कृषी पदवीधर असलेला तरुण तेथे असेल, तर तो आधी पीक विचारतो, रोगट पान पाहतो, मग बाटलीवरील लेबल उलगडून त्या पिकाचे नाव त्यात आहे का ते दाखवतो. यालाच शेतकरी आता ‘लेबल क्लेम’ म्हणू लागले आहेत. केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समितीने ज्या पिकावर, ज्या किडीसाठी आणि ज्या मात्रेत वापरास मान्यता दिली आहे, तेवढेच लेबलवर असते. वाटाण्याचे तोडे काही दिवसांच्या अंतराने होतात, त्यामुळे फवारणी आणि तोडणी यांतला प्रतीक्षा काळ पाळला नाही, तर औषधाचा अंश थेट मंडईतून पुणेकरांच्या ताटात जातो. या तरुणाने एकदा आम्हाला मागितलेले औषध दिले नाही, कारण त्याचा प्रतीक्षा काळ पुढच्या तोड्याच्या पलीकडे जात होता. त्या दिवशी दुकानाची विक्री झाली नाही, आणि आमचा विश्वास मात्र वाढला. मात्र तो नसतो तेव्हा गल्ल्यावरची इतर मंडळी ‘हे जोरात चाललंय, हेच न्या’ एवढ्यावर काम भागवतात. एवढ्या व्यवस्थित दुकानात ही उणीव खटकते.

बाटलीवरील त्रिकोणाचा रंग सर्वांनी पाहावा. लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा, असा विषारीपणाचा उतरता क्रम आहे. हिरवा त्रिकोण असलेले औषधही औषधच आहे, हे विसरू नये. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर मृत्युमुखी पडले, शेकडो लोकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्यानंतर फवारणीच्या सुरक्षेची चर्चा राज्यभर झाली. या दुकानात हातमोजे आणि मुखपट्टी औषधांच्या शेजारीच ठेवलेली आहेत आणि लाल त्रिकोणाचे औषध घेणाऱ्याला ती घेण्याचा आग्रह केला जातो. फोरेट, ट्रायझोफॉस आणि डायक्लोरव्हॉस यांसारखी औषधे 2018 च्या केंद्रीय आदेशानुसार 31 डिसेंबर 2020 पासून बंद झाली आहेत. जुन्या सवयीने ती मागणारे शेतकरी अजून येतात, त्यांना येथे स्पष्ट नकार मिळतो.

‘टॉनिक’ या नावाने विकल्या जाणाऱ्या बाटल्यांविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण शेतकऱ्याचा सर्वात जास्त पैसा त्यांत वाया जातो, असे माझे मत आहे. ही उत्पादने दीर्घकाळ कोणत्याही कायद्याच्या कक्षेत नव्हती. फेब्रुवारी 2021 मध्ये जैवउत्तेजके, म्हणजे पिकाच्या वाढीला चालना देण्यासाठी विकली जाणारी अशी उत्पादने, खत नियंत्रण आदेशाखाली आणण्यात आली. सुरुवातीला कंपन्यांना तात्पुरत्या नोंदणीवर विक्री करू देण्यात आली आणि ती मुदत जून 2025 मध्ये संपली. आता ज्या जैवउत्तेजकाला आदेशाच्या परिशिष्टात स्थान मिळालेले नाही, ते विकता येत नाही. या दुकानातील त्या फळ्या त्यानंतर बऱ्याच रिकाम्या झाल्या. नफ्याचे प्रमाण याच मालात जास्त असते, हे लक्षात घेता मालकांनी उरलेला साठा शेतकऱ्याच्या गळ्यात न मारता कंपन्यांकडे परत पाठवला, याची नोंद घ्यायला हवी.

आता तक्रार. खरिपाच्या ऐन गर्दीत युरिया मागितला असता, सोबत दुसरे एक द्रवरूप उत्पादन घ्यावे लागेल, असे गल्ल्यावरून सांगण्यात आले. यालाच लिंकिंग म्हणतात. कडुनिंब लेपित युरियाची 45 किलोची गोणी कमाल 266 रुपये 50 पैशांना विकायची असते आणि उरलेला खर्च सरकार अनुदानातून कंपनीला देते. हे अनुदान 2018 पासून देशभर पॉस मशीनवरील, म्हणजे दुकानातील विक्री नोंदवणाऱ्या यंत्रावरील, विक्रीच्या नोंदीवरच मिळते, म्हणजे शेतकऱ्याने अंगठा लावल्यावर. ज्या गोणीसाठी जनतेच्या तिजोरीतून पैसा गेला आहे, तिला दुसरी वस्तू जोडून विकणे हे अनुदानाचा हेतूच पराभूत करणे आहे, आणि केंद्र व राज्य सरकारांनी ते बेकायदेशीर असल्याचे वारंवार सांगितले आहे. आम्ही नकार दिला आणि ही अट लेखी द्या, असे म्हटले. तेव्हा मालक स्वतः पुढे आले, त्यांनी गोणी स्वतंत्रपणे दिली आणि कंपनीचा माणूस आम्हालाही असेच जोडून देतो, असे सांगितले. त्यांचे म्हणणे खोटे नसावे, कारण विक्रेत्यांच्या संघटनांनीही कंपन्यांच्या लिंकिंगविरुद्ध आवाज उठवला आहे. पण वरून आलेला दबाव खाली शेतकऱ्यावर ढकलणे हा त्यावरचा उपाय नव्हे. ज्यांना ‘लेखी द्या’ म्हणणे सुचत नाही, त्यांनी त्या दिवशी ते द्रावण नेलेच, आणि ते बिलात ‘खरेदी’ म्हणूनच दिसते. पक्क्या बिलाची एवढी आस्था असलेल्या दुकानाचा हा व्यवहार मला अधिक बोचला. पुढील हंगामांत ही अट पुन्हा ऐकू आली नाही, तरी हा उल्लेख मी गाळणार नाही.

सरकारी देखरेखीविषयी येथे प्रत्यक्ष जे दिसते, तेही नोंदवतो. गुणवत्ता नियंत्रण निरीक्षक हंगामात येतात, साठा रजिस्टर तपासतात आणि नमुने घेतात. बियाण्याच्या नमुन्याचे तीन भाग होतात. एक ज्याच्याकडून घेतला त्याला दिला जातो, एक प्रयोगशाळेत जातो आणि एक राखून ठेवला जातो. बियाणे, खते आणि कीटकनाशके या तिन्हींच्या शासकीय प्रयोगशाळा पुण्यात आहेत आणि राज्याचे कृषी आयुक्तालयही येथेच आहे, त्यामुळे पुणे परिसराला ही यंत्रणा जवळची आहे. अडचण वेळेची आहे. नमुना पेरणीच्या तोंडावर घेतला जातो आणि अहवाल येतो तेव्हा ते बियाणे जमिनीत गेलेले असते. नमुने गोदामात माल उतरतानाच, एप्रिल-मेमध्ये मोठ्या संख्येने घेतले गेले, तर त्यांचा उपयोग शेतकऱ्याला त्याच हंगामात होईल. तोपर्यंत काही घरगुती तपासण्या आहेत. डीएपी या खताचे दाणे तळहातावर घेऊन, तंबाखू मळावी तसे चुन्याबरोबर चोळले की अमोनियाचा उग्र वास येतो. त्यावरून खत पूर्ण बनावट आहे का एवढेच कळते, घटकांचे प्रमाण बरोबर आहे का ते कळत नाही, हे मालकांनी प्रामाणिकपणे सांगितले.

शहरातील गच्चीवर बाग करणाऱ्यांसाठी हे दुकान उपयोगी आहे. किरकोळ विक्रेत्याला प्रत्येक प्रकारच्या खताची एक गोणी उघडी ठेवून त्यातून सुटी विक्री करण्याची मुभा आहे, त्यामुळे किलो-दोन किलो खत येथे मिळते, आणि त्याचेही बिल मिळते. कीटकनाशक मात्र सुटे किंवा दुसऱ्या बाटलीत ओतून कधीच दिले जात नाही. छोटी बाटली शिल्लक नसेल तर गिऱ्हाईक परत पाठवले जाते. रविवारी सकाळी, सासवडकडचे शेतकरी भाजी उतरवून परतत असतात तेव्हा, येथे पाय ठेवायला जागा नसते. सल्ला हवा असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारनंतर जावे, त्या वेळी तो कृषी पदवीधर तरुण बहुधा गल्ल्यावर असतो. जाताना रोगट फांदीचा ताजा तुकडा कागदात गुंडाळून न्यावा, कारण मोबाईलवरच्या फोटोवरून तो औषध सुचवत नाही.